डेटा फुटल्यावर निवेदन कसे काढावे
नवोदित प्रवक्त्यांसाठी प्राथमिक धडे

नोकरीवर रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच निवेदनाचा मसुदा तयार करून ठेवा. डेटा अजून फुटलेला नाही, ही सबब चालणार नाही. तो फुटेल तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतील, आयटीवाले फोन उचलत नसतील, साहेब परदेशात असतील आणि कुठल्याशा वृत्तवाहिनीचा पोरगा ‘सर, दोनच ओळी द्या’ म्हणत तुमच्या मागे लागलेला असेल. अशा वेळी सुचेल ते लिहिणाऱ्या माणसाच्या हातून खरे लिहिले जाण्याचा धोका असतो.

या अभ्यासक्रमाला संगणकाचे ज्ञान लागत नाही. किंबहुना नसलेलेच बरे. कर्मणी प्रयोगाची आवड मात्र हवी. ‘आम्ही कुलूप लावायला विसरलो’ असे लिहायचे नसते. ‘काही त्रुटी निदर्शनास आल्या आहेत’ असे लिहायचे असते. खालची उदाहरणे सगळी खरी आहेत. या क्षेत्रातल्या थोरामोठ्यांनी ती चव्हाट्यावर घडवून ठेवली आहेत, तेव्हा नवशिक्याने स्वतःची प्रतिभा चालवण्याचे कारण नाही.

आरंभ आणि मथळा

पहिले वाक्य ठरलेले आहे : ‘ग्राहकांच्या माहितीची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे.’ यातला काना-मात्रा बदलू नका. हे वाक्य दिसले की सराईत वाचक ओळखतो, आपली माहिती गेली. वाईट बातमी तुम्हाला वेगळी सांगावी लागत नाही.

मथळाही असाच थंड डोक्याने द्यावा. पासवर्ड साठवताना तो आहे तसा ठेवायचा नसतो. त्यावर गणिती प्रक्रिया करून, ज्यातून मूळ शब्द उलटा काढता येणार नाही असे काहीतरी ठेवायचे असते. संगणकशास्त्राच्या पोरासोरांनाही हे शिकवतात. फेसबुकच्या अंतर्गत यंत्रणेत मात्र कोट्यवधी लोकांचे पासवर्ड उघडे, सरळ वाचता येतील असे पडून होते. मार्च २०१९ मध्ये कंपनीने हे कबूल केले, आणि त्या कबुलीवर मथळा दिला तो साधारण ‘पासवर्ड सुरक्षित ठेवताना’ अशा अर्थाचा. वाचणाऱ्याला वाटावे, आता चार उपयुक्त सूचना मिळणार. आयर्लंडच्या डेटा नियामकाने या प्रकरणी ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला, तोही २०२४ च्या सप्टेंबरात. तोवर मथळ्याने आपले काम केले होते.

घाई कशाला?

याहूकडून शिकावे. २०१४ च्या अखेरीस कोणीतरी आत शिरून खात्यांची माहिती नेल्याचे कंपनीच्या सुरक्षा विभागाला काही दिवसांतच कळले होते. नावे, ईमेल, फोन नंबर, जन्मतारखा, ‘तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय’ छापाच्या प्रश्नांची उत्तरे, सगळे गेले होते. जगाला ते कळले सप्टेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात व्हेरायझन या कंपनीशी याहूच्या विक्रीचा सौदाही ठरून गेला. पुढे बिंग फुटल्यावर त्या सौद्यातून ३५ कोटी डॉलर कमी झाले आणि अमेरिकेच्या रोखे नियामकाने, गुंतवणूकदारांना अंधारात ठेवल्याबद्दल, आणखी साडेतीन कोटी डॉलर वसूल केले. ज्यांच्या आईचे माहेरचे आडनाव गेले ते नव्हे, ज्यांचे शेअर होते ते अंधारात राहिले, म्हणून दंड. हा बारकावा लक्षात ठेवा; शेवटच्या धड्यात कामाला येईल.

एअर इंडियाचेही उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सिटा या बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाल्याची पहिली सूचना एअर इंडियाला २०२१ च्या फेब्रुवारीअखेर मिळाली. प्रवाशांना ईमेल गेले मे महिन्यात. जगभरातले सुमारे ४५ लाख प्रवासी, ऑगस्ट २०११ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंतचे. म्हणजे २०१२ मध्ये एकदाच लेकीकडे जाऊन आलेल्या आजोबांचा पासपोर्ट क्रमांक नऊ वर्षे तिथे कशासाठी होता, असा प्रश्न विचारता आला असता. तो फारसा कोणी विचारला नाही. निवेदनात ‘कधी फुटले’ आणि ‘कोणाकडून फुटले’ यांवर इतका भर द्यावा, की ‘मुळात ठेवले कशाला होते’ हे वाचकाला सुचू नये.

उशीर करण्याचीही एक मर्यादा आहे. उबरने ती ओलांडली. २०१६ मध्ये दोन चोरांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती पळवली. सॉफ्टवेअरमधली भोके प्रामाणिकपणे दाखवून देणाऱ्यांना बऱ्याच कंपन्या बक्षीस देतात. उबरने त्याच बक्षीस योजनेतून चोरांना १ लाख डॉलर दिले आणि आम्ही काही नेले नाही, अशा अर्थाच्या करारावर त्यांच्या सह्या घेतल्या. वर्षभराने नव्या प्रमुखांनी हे जाहीर केले. सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन हे स्वतः पूर्वी सायबर गुन्ह्यांचे सरकारी वकील होते, तरी २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टळला, तीन वर्षे चांगल्या वर्तनाच्या अटीवर सुटका, समाजसेवा आणि ५० हजार डॉलर दंड एवढ्यावर भागले. बोध इतकाच की लपवायचे तर समिती नेमून लपवावे. एकट्याच्या सहीने काही करू नये.

आकडा लहान ठेवावा आणि हळूहळू वाढू द्यावा

सुरुवातीचा आकडा बातमीत जातो आणि शेवटचा आकडा आतल्या पानावर. याहूनेच २०१३ च्या दुसऱ्या एका चोरीबद्दल डिसेंबर २०१६ मध्ये १०० कोटी खाती सांगितली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दुरुस्ती आली : ३०० कोटी. म्हणजे त्या वेळी याहूवर असलेले झाडून सगळे. तोपर्यंत लोकांचे कान इतके किटले होते की दोनशे कोटींची ही भर बहुतेकांना चहाबरोबर सहज गिळता आली.

पण या विषयातला सुवर्णपदकाचा मान ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीचा. लोकांनी नळीत थुंकायचे, पाकीट पोस्टाने पाठवायचे आणि कंपनीने त्यावरून तुमचे पूर्वज कुठले ते सांगायचे, असा हा धंदा. २०२३ मध्ये चोरांनी दुसरीकडून मिळवलेले जुने पासवर्ड इथे लावून पाहिले आणि सुमारे १४ हजार खाती उघडली. १४ हजार! प्रवक्त्याच्या आयुष्यात असा आकडा एकदाच येतो. अडचण एवढीच होती की या संकेतस्थळावर दूरचे नातेवाईक शोधून देण्याची सोय होती. त्यामुळे १४ हजार खात्यांच्या खिडकीतून चोरांना ६९ लाख माणसांची माहिती दिसली. चुलत-मावस-आते करत करत. आपल्याकडे लग्न जुळवताना जे काम एखादी आत्या करते, ते इथे संगणकाने केले आणि तेही चोरांसाठी.

या ६९ लाखांतल्या बहुतेकांनी स्वतःचा पासवर्ड नीट जपला होता. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांना नातेवाईक होते.

‘पुरावा आढळलेला नाही’

हा धडा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून याला जास्त वेळ द्या.

‘माहिती चोरीला गेलेली नाही’ आणि ‘माहिती चोरीला गेल्याचा पुरावा आढळलेला नाही’ ही दोन वाक्ये घाईत वाचणाऱ्याला सारखीच वाटतात. पहिल्या वाक्याची किंमत द्यावी लागते, दुसरे फुकट आहे. कोण कधी आत आले याच्या नोंदी सर्व्हरवर ठेवाव्या लागतात, त्या जपाव्या लागतात, कोणीतरी वाचाव्या लागतात. यांतले काहीच केले नाही तर पुरावा न आढळण्याची हमी तुम्ही छातीठोकपणे देऊ शकता.

या वाक्याचा उपयोग क्रमाक्रमाने कसा करायचा, हे लास्टपासच्या मालिकेत पाहावे. लास्टपास म्हणजे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. शंभर ठिकाणचे शंभर पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळे एका तिजोरीत ठेवायचे आणि एकच मोठा पासवर्ड पाठ करायचा, अशी ही सेवा. सुरक्षेची जाण असलेले लोकच बहुधा हिचे ग्राहक होते. जे जाणत नाहीत ते आजही मुलाचे नाव आणि जन्मसाल वापरतात.

पहिला भाग ऑगस्ट २०२२ मध्ये आला. कोणीतरी सॉफ्टवेअर तयार करण्याच्या आमच्या यंत्रणेत शिरून थोडा प्रोग्राम उचलला आहे. ग्राहकांची माहिती किंवा तिजोऱ्यांपर्यंत कोणी पोचल्याचा पुरावा नाही. सप्टेंबरात दुसरा भाग : चोर चार दिवस आत होता, पण काळजी नसावी. नोव्हेंबरच्या शेवटी तिसरा : ऑगस्टमध्ये नेलेल्या माहितीच्या आधारे चोर पुन्हा आला आणि ग्राहकांच्या माहितीचे ‘काही घटक’ त्याच्या हाती लागले. ‘काही घटक’ या शब्दांपुढे नतमस्तक व्हावे. माणसाचे हृदय आणि दोन्ही मूत्रपिंडे हेही शरीराचे काही घटकच असतात.

चौथा भाग २२ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, निम्मी अमेरिका विमानतळांवर खोळंबलेली असताना. त्यात कळले की चोराने ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रतच नेली आहे. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण कोणत्या संकेतस्थळांचे ते, ते पत्ते मात्र उघडे. तुमचे खाते कोणत्या बँकेत, तुम्ही कोणत्या दवाखान्याचे रुग्ण, लग्न जुळवण्याच्या की मोडण्याच्या संकेतस्थळावर तुमचा वावर, हे वाचायला किल्लीची गरज नव्हती. कंपनीने धीर दिला : आमच्या ठरावीक सूचना पाळून पासवर्ड ठेवला असेल तर तो ओळखायला लाखो वर्षे लागतील. जुन्या ग्राहकांपैकी अनेकांच्या खात्यांना जुन्याच, कितीतरी दुबळ्या मापाचे संरक्षण राहून गेले होते. ती खाती त्या सूचनांच्या मापात बसत नव्हती, हे ग्राहकांना बाहेरच्या जाणकारांकडून जास्त स्पष्टपणे कळले.

पाचवा भाग २०२३ च्या वसंतात आला आणि तो खरा शेवट. तिजोऱ्यांच्या बॅकअपची किल्ली कंपनीतल्या फक्त चार अभियंत्यांकडे होती. त्यांपैकी एकाच्या घरच्या संगणकावर सिनेमे-गाणी लावण्याचे एक सॉफ्टवेअर होते. त्यातल्या फटीतून शिरून चोराने त्याच्या कळफलकावर पाळत ठेवली आणि त्याचा मुख्य पासवर्ड टिपला. ते सॉफ्टवेअर प्लेक्स असल्याचे बाहेर आले, तेव्हा प्लेक्सने सांगितले की ही फट आम्ही २०२० मध्येच बुजवली होती आणि त्यानंतर सुमारे ७५ सुधारित आवृत्त्या निघाल्या. ‘अपडेट उपलब्ध आहे, नंतर आठवण करा’ हे बटण आपण सगळेच दाबतो. फरक इतकाच, की आपल्या घरच्या संगणकावर तीन कोटींच्या घरातल्या माणसांच्या तिजोऱ्यांची किल्ली नसते.

हे सगळे एकाच दिवशी सांगितले असते तर कंपनी त्याच दिवशी बसली असती. पाच हप्त्यांत सांगितल्यामुळे प्रत्येक हप्त्याला ग्राहक आदल्या हप्त्याशी तुलना करून ‘एवढे काही वाईट नाही’ म्हणत राहिला.

दिवस

नाताळचे वर आलेच. फेसबुकने त्या उघड्या पासवर्डांच्या प्रकरणात इन्स्टाग्रामचे ‘हजारो’ नव्हे तर लाखो पासवर्ड होते, ही दुरुस्ती जुन्याच निवेदनात घातली ती १८ एप्रिल २०१९ रोजी. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीचा म्युलर अहवाल प्रसिद्ध होत होता आणि अमेरिकेतला प्रत्येक पत्रकार शेकडो पानांत डोके खुपसून बसला होता. योगायोगच असेल. आपल्याकडे अनंत चतुर्दशी, अर्थसंकल्प आणि भारत-पाकिस्तान सामना हे तीन दिवस राखून ठेवावेत.

दोष कोणाचा

चोराचा म्हणू नये. चोर सापडत नाही, आणि सापडला तरी तो दुसऱ्या देशाच्या लष्करात नोकरीला असतो. इक्विफॅक्स या कंपनीतल्या चोरीबाबत पुढे अमेरिकेने चिनी लष्कराच्या चौघांवर आरोपपत्र ठेवले. त्यांच्यापैकी कोणी न्यायालयात हजर झालेले नाही. तेव्हा दोष जवळच्या माणसाला द्यावा.

इक्विफॅक्स ही कर्ज घेणाऱ्यांची पत मोजणारी अमेरिकी कंपनी. आपण हिचे ग्राहक नसतो, तरी आपली कुंडली हिच्याकडे असते. आपल्याकडे ‘सिबिल किती’ विचारतात तोच प्रकार. ७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधली एक गंभीर फट जाहीर झाली, तिच्यावरचा इलाजही त्याच दिवशी आला, दुसऱ्या दिवशी सरकारी सूचना आली आणि मग कंपनीत आदेशही निघाला की ४८ तासांत दुरुस्ती करा. एका सर्व्हरवर ती झाली नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत ये-जा करत होते. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे उपकरण होते, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपून कित्येक महिने झाले होते, त्यामुळे ते डोळे मिटून बसले होते. २९ जुलैला कोणीतरी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले आणि उपकरणाने डोळे उघडताच चोर दिसला. साडेचौदा कोटींहून जास्त माणसांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक तोवर गेले होते.

प्रमुख रिचर्ड स्मिथ पायउतार झाले आणि ऑक्टोबरात अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बसले. एका माणसाने दुरुस्तीचा निरोप पुढे पोचवायला हवा होता, तो पोचवला नाही, असे त्यांनी सांगितले. जगातली एक बलाढ्य वित्तीय संस्था, आणि साडेचौदा कोटी माणसांची कुंडली एका माणसाच्या निरोपावर टांगलेली. याने कंपनीची बाजू भक्कम होते की आणखी उघडी पडते, यावर नवोदितांनी निबंध लिहावा.

इक्विफॅक्सने मदतीसाठी वेगळे संकेतस्थळ उघडले. त्याचा पत्ता इतका संशयास्पद होता की एका प्रोग्रामरने तेच शब्द उलटसुलट करून हुबेहूब बनावट संकेतस्थळ तयार केले, केवळ धोका दाखवायला. कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्याने हवालदिल ग्राहकांना अनेकदा त्या बनावट संकेतस्थळाकडेच पाठवले. त्यांना दोष देता येत नाही. दोन्हींतले खरे कोणते, हे ओळखणे कठीणच होते.

दोष द्यायला कर्मचारी सापडला नाही तर ग्राहक आहेच. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’च्या वकिलांनी दावा लावणाऱ्यांना पत्र धाडले, की ग्राहकांनी निष्काळजीपणे जुनेच पासवर्ड वापरले, शिवाय गेलेल्या माहितीने कोणाचे आर्थिक नुकसान होण्यासारखे नाही. ज्यांचे पासवर्ड चांगले होते त्या लाखोंना हे पत्र कसे लागू पडते, हे पत्रात नव्हते. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या थुंकीतून काढलेल्या माहितीचा मालक आता कोण, यावर न्यायालयात काथ्याकूट सुरू झाला. ग्राहकाला पासवर्ड बदलायला जरूर सांगा. जनुके बदलायला सांगू नका. तिथे लोक चिडतात.

तिसरा पर्याय बातमीदाराचा. हा आपल्या देशात विशेष लोकप्रिय आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या बातमीदाराने दाखवून दिले की ५०० रुपये दिले तर दहा मिनिटांत कोणाच्याही आधार क्रमांकावरून नाव, पत्ता, फोन वगैरे मिळू शकतात. आधार प्राधिकरणाने पोलिसांत तक्रार दिली आणि तीत बातमीदाराचे नाव घातले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे कोणी म्हणाले तर म्हणू द्यावे. पुढच्या दहा बातमीदारांना संदेश पोचलेला असतो. ओरड झाल्यावर, गुन्हा अज्ञात व्यक्तींवर आहे, असे मंत्र्यांनी सांगितले.

भिंतीचा उपयोग

त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सांगितले, की आधारचा डेटा १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींमागे सुरक्षित आहे. तंत्रज्ञ हसले. प्रवक्त्याने हसू नये, टिपून घ्यावे. चोरी तारेतून होते आणि भिंत तारेला अडवत नाही, हे खरे. पण भिंतीचा फोटो काढता येतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये दूरसंचार नियामकाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर टाकला आणि काय नुकसान करायचे ते करून दाखवा, असे आव्हान दिले. लोकांनी त्यांचा फोन, पत्ता, जन्मतारीख वगैरे शोधून मांडले, एकाने तर त्यांच्या खात्यात एक रुपया जमाही केला. नुकसान काहीच झाले नाही, असे शर्मा म्हणाले. यानंतर आधार प्राधिकरणाने जनतेला सूचना केली, की आपला आधार क्रमांक असा जाहीर करत जाऊ नका.

नाकारण्याचा सर्वांत सुबक नमुना जून २०२३ चा आहे. टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल क्रमांक दिला की लस घेतलेल्या माणसाचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, लसीकरण केंद्र असे सगळे मिळू लागले. आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढले : कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावरून माहिती फुटल्याच्या बातम्या निराधार आणि खोडसाळ आहेत. याच पत्रकात सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला प्रकरण तपासून अहवाल द्यायची विनंतीही केल्याचे म्हटले होते. निष्कर्ष आधी, तपास नंतर. यामुळे तपास करणाऱ्याची किती सोय होते, हे सांगायला नको.

भरपाई

एक वर्षाची मोफत देखरेख सेवा द्यावी. म्हणजे तुमच्या नावावर कोणी कर्ज काढले तर तुम्हाला कळवणारी सेवा. इक्विफॅक्सने ती आपल्याच सेवेतून दिली. रोख भरपाईचा प्रसंग आला तर २०१९ ची तडजोड पाहावी. एकूण ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली आणि ‘प्रत्येकी १२५ डॉलर’ ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. रोख रकमेसाठी बाजूला काढलेला निधी होता फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. सगळ्यांनी मागितले असते तर माणशी सुमारे २१ सेंट पडले असते. शेवटी सरकारी व्यापार आयोगानेच लोकांना विनवले, की पैसे मागू नका, देखरेख सेवा घ्या.

वाया गेलेले विद्यार्थी

काही नतद्रष्टांनी या शास्त्राची परंपरा मोडली आहे, त्यांची नावे सावधगिरीसाठी देतो.

जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅबच्या एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. कंपनीने काय करावे? दुरुस्तीच्या नोंदी सर्वांना वाचता येतील अशा उघड्या ठेवल्या, यूट्यूबवर दुरुस्तीचे थेट प्रक्षेपण केले आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती हेही लिहून टाकले. सहा तासांची माहिती कायमची गेली. त्या अभियंत्याला काढलेही नाही.

मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. ३५ हजार कर्मचारी. कंपनीने दारांवर कागद चिकटवले, ‘संगणक जोडू नका’; फेसबुकवरून रोज माहिती दिली, पत्रकारांना बोलावून दाखवले आणि खंडणी दिली नाही. मार्च २०२५ मध्ये तर डेटाफुटीची नोंद ठेवणाऱ्या प्रसिद्ध संकेतस्थळाचा कर्ता ट्रॉय हंट स्वतःच एका फसव्या ईमेलला बळी पडला, त्याच्या वाचकांचे ईमेल पत्ते गेले, आणि त्याने तासाभराच्या आत सगळे स्वतःहून लिहून मोकळे केले. विमानप्रवासाच्या थकव्याने डोके चालत नव्हते, हेसुद्धा.

पुण्याचीही नोंद घ्यावी लागेल. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची नक्कल उभी करून चोरांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, भारतात कोल्हापूरसारख्या ठिकाणीही काढले, आणि वर हाँगकाँगला स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेमार्फत रक्कम वळवली. एकूण ९४ कोटींवर. शनिवारी सुरू झाले, सोमवारी पुन्हा झाले, मंगळवारी चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदलेला होता आणि रकमेचा आकडा वर्तमानपत्रांत होता. खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत, असे बँकेने सांगितले, आणि या एका प्रसंगी ते वाक्य खरे होते. सहकारी बँकेतल्या माणसांना एवढी घाई का झाली, कळत नाही. भागधारक रस्त्यात भेटतात, हे एक कारण असू शकेल.

कायद्याचे काय?

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सरकारला कळवावे लागते. घाबरू नका, सरकारला कळवायचे आहे, ग्राहकाला नव्हे. ग्राहकासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. मग माहिती फुटल्यावर ज्याची त्याला विनाविलंब आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर कळवावे लागेल. सुरक्षा नीट ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत, कळवले नाही तर २०० कोटींपर्यंत दंड.

हे आकडे वाचून साहेब पांढरे पडतील. त्यांना पाणी द्या आणि पुढची कलमे वाचून दाखवा. दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार आहे. ज्याची माहिती गेली त्याच्या हातात त्यातला एक रुपयाही पडणार नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ नावाचे कलम आहे, निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याचे. नव्या कायद्याने तेही वगळण्याची तजवीज केली आहे. याहूच्या धड्यात जो बारकावा लक्षात ठेवायला सांगितला होता, तो आपल्या संसदेने असा एका फटक्यात अमलात आणला.

शिवाय नागरिकाची कर्तव्येही या कायद्यात लिहिली आहेत. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करू नये, हे त्यांतले एक. मोडल्यास तक्रारदारालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड. तुमच्या निवेदनाच्या तळाशी, ग्राहक सेवा क्रमांकाच्या वर, हे कलम छापायला हरकत नाही. बाकी मजकूर बारीक टाइपात गेला तरी चालेल. हे मात्र ठळक हवे.